लाजरसाकडे मागितलेले पाणी

(सामान्य काळातील सव्विसावा रविवार : आमोस ६:१, ४-७, लूक १६:१९-३१)



धनवान माणूस आणि लाजरस यांचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जांभळी वस्त्रे, रोजची मेजवानी, दाराशी पडलेला गरीब, त्याचे फोड चाटणारी कुत्री. बहुधा आपण तिथेच थांबतो. पण उत्तरार्धातील एका गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते. ज्वाळांत तळमळणारा धनवान पाणी मागतो. ज्याला त्याने कधी तुकडा घातला नाही, त्या लाजरसाच्या बोटाच्या टोकावरचा थेंब त्याला हवा आहे. आणि मागतानाही तो लाजरसाशी बोलत नाही. तो आब्राहामाला सांगतो, याला पाठवा. लाजरस त्याच्या लेखी अजूनही हरकाम्याच!

हे वाचताना आफ्रिकेतील लेसोथो हा देश आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. सुमारे तीस हजार चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. शेजारी त्याच्या चाळीस पट मोठा. मोठ्याच्या अंगणातून गेल्याशिवाय धाकट्याच्या घरात पाऊल टाकता येत नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनाही हा अनुभव आला. सप्टेंबर १९८८ मध्ये ते आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते. वर्णद्वेषी राजवटीमुळे त्यांनी दक्षिण आफ्रिकेला भेट देण्याचे टाळले होते. पण हवामान बिघडले, विमान लेसोथोच्या राजधानीत, मासेरूत, उतरू शकले नाही, ते जोहान्सबर्गला वळवावे लागले, आणि पोपमहाशय तिथून मोटारीने मासेरूला पोहोचले.

या देशाची सुपीक जमीन मुळात एवढी थोडी नव्हती. राजा मोशोएशो पहिला याच्या काळात कॅलेडन नदीच्या पश्चिमेची शेतजमीनही बासोथो लोकांची होती. फ्री स्टेटच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांशी झालेल्या लढायांत ती गेली. १८६८ साली राजाने ब्रिटिशांचे संरक्षण घेतले म्हणून डोंगर तरी वाचला. राजा अहाब आणि नाबोथाचा द्राक्षमळा ही कथा आपल्याला ठाऊक आहेच.

मळा गेला, मग मळ्याचा मालक मजुरीला निघाला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत १९८०च्या दशकात लाखाहून अधिक बासोथो पुरुष काम करीत होते. वर्षातले बहुतेक महिने घरापासून दूर. शेती, गुरे, म्हातारी माणसे, सारे बायकांच्या अंगावर. सोने शेजाऱ्याकडे राहिले. खाणीची धूळ छातीत घेऊन माणसे गावी परतली. फुप्फुसाच्या आजाराने खंगलेल्या खाणकामगारांच्या भरपाईच्या तडजोडीला जोहान्सबर्गच्या न्यायालयाने मान्यता दिली ती २०१९ साली. तोवर कितीतरी जण मातीआड झाले होते. लाजरसाचे फोड निदान दिसत तरी होते.

आणि मग पाणी. जोहान्सबर्ग आणि त्याच्या भोवतालच्या औद्योगिक पट्ट्याला स्वतःचे पाणी पुरेना. लेसोथोच्या डोंगरात पाऊस आणि बर्फ दोन्ही. जानेवारी १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने या देशाची नाकेबंदी केली. त्याच महिन्यात तिथले सरकार लष्कराने उलथवले. ऑक्टोबरमध्ये त्या लष्करी सरकारने पाण्याच्या करारावर सही केली. ज्यांच्या कुरणांवर आणि शेतांवर पाणी चढणार होते, त्या डोंगरातील लोकांना कोणी विचारले? पाणी मागितले, पण ज्याचे त्याच्याशी बोलणे झाले नाही.

१८५ मीटर उंचीचे कात्से धरण उभे राहिले आणि १९९८ साली बोगद्यांतून पाणी शेजाऱ्याकडे वाहू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवडणुकीच्या वादातून लेसोथोत अशांतता माजली. तिथल्या सरकारच्या विनंतीवरून दक्षिण आफ्रिकेचे सैन्य आत आले. तोवर वर्णद्वेषी राजवट जाऊन चार वर्षे झाली होती. धरण ताब्यात घेताना तिथे पहाऱ्यावर असलेले लेसोथोचे सैनिक मारले गेले. मासेरू जळाले.

एकच बाजू सांगणे योग्य नाही. पाण्याचे पैसे लेसोथोला मिळतात, राज्याच्या तिजोरीत तो मोठा आधार आहे. त्याच पाण्यावर मुएला येथे वीज तयार होते. जोहान्सबर्गच्या वस्तीतील गरीब आईही तेच पाणी भरते. तिला त्यासाठी दोष कोण देईल? पण धरणाच्या वरच्या अंगाला, पाणी डोळ्यांसमोर पसरलेले असताना, डोक्यावर घागर घेऊन झऱ्याकडे जाणाऱ्या बायका दिसतात. आमोस संदेष्टा सुखवस्तू लोकांना झोडपतो तो ते खातात-पितात म्हणून नव्हे, योसेफाच्या घराच्या नाशाचे त्यांना काहीच वाटत नाही म्हणून.

पोपमहाशय १९८८ साली मासेरूला गेले ते फादर जोसेफ जेरार यांना धन्यवादित घोषित करण्यासाठी. हे फ्रेंच मिशनरी १८६२ साली मोशोएशोच्या राज्यात आले, रोमा येथे मिशन उभारले. बासोथोंची भाषा शिकले. युद्धाच्या वर्षांत ते लोकांना सोडून गेले नाहीत. म्हातारपणी दृष्टी अधू झाली तरी घोड्यावर बसून डोंगरातील आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेत. ते लाजरसाशीच बोलत, त्याच्याच बोलीत. १९१४ साली रोमा येथेच त्यांनी देह ठेवला.

आज पोलिहाली येथे नव्या धरणाचे काम चालू आहे. तिथल्या खोऱ्यातील कुटुंबांना घर, शेत आणि पूर्वजांच्या कबरी सोडाव्या लागत आहेत. आजच्या मिस्साबलिदानात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी या कुटुंबांसाठी एक विनंती वाचली जाईल. आपण सर्वांनी तिला मनापासून प्रतिसाद द्यावा.