शेवटच्या औषधाची किंमत

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारा एक फिटर मध्यंतरी आमच्याकडे सल्ला विचारण्यास आला. त्याच्या थोरल्या भावास लसीकाग्रंथींचा आक्रमक कर्करोग झालेला; दोन वेळा केमोथेरपी होऊनही तो उलटलेला. मुंबईस नवा उपचार निघाल्याचे त्याच्या कानी आले होते. खिशात गावच्या तीन एकरांच्या खसऱ्याची नक्कल होती. "साहेब, विकून टाकू का?" एवढाच त्याचा प्रश्न.

उपचाराची माहिती सांगणे कठीण नव्हते. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढावयाच्या, बी-पेशींवरील सीडी-19 हे प्रथिन ओळखण्याची खूण प्रयोगशाळेत त्यांस जोडावयाची आणि त्या पुन्हा शरीरात सोडावयाच्या. पवईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या नेक्सकार-19 या उपचारास ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत ज्यास तीन-चार कोटी रुपये पडतात, त्याची येथील किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात सांगितली गेली. आम्हां मुंबईपासून दूर पडलेल्या मराठी माणसांची छाती यामुळे फुगली, हेही कबूल केले पाहिजे.

परंतु फिटरला काय सांगावे? 64 रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे 73 टक्क्यांत प्रतिसाद दिसला. लिम्फोमाच्या रुग्णांत मात्र रोग पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यम काळ सुमारे चार महिन्यांचा होता. 'प्रतिसाद' म्हणजे वैद्यांच्या लेखी गाठी आकसणे किंवा नाहीशा होणे. घरच्या माणसास तोच शब्द 'बरे होणे' असा ऐकू येतो. पहिला आकडा सांगून दुसरा गिळावा, असा मोह आम्हांस झाला. त्यास आम्ही मनातल्या मनात दया हे नावही देऊन टाकले!

जिवाची किंमत करू नये, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. पण केंद्र सरकारची आरोग्य योजना पाठीशी असलेल्या माणसास ते फार स्वस्त पडते. आमच्या आजारात फायली हलतात. त्याच्या आजारात जमीन हलते, आणि तिच्यावर पुतण्यांची भाकरी अवलंबून असते. मग त्याने विकू नये, असे म्हणावे? तोही अधिकार आमचा नव्हे. चार महिने थोडे की पुष्कळ, हे ज्यास ते जगावयाचे आहेत त्याच्यावाचून कोण ठरविणार? शिवाय मध्यम काळ म्हणजे प्रत्येकाचे भविष्य नव्हे. काहींचा रोग दीर्घकाळ परतत नाही.

दोन्ही आकडे सांगून आम्ही विचारले, "भाऊ काय म्हणतात?"

तो बराच वेळ खाली पाहत राहिला. रोग उलटल्याचे भावास कोणी सांगितलेच नव्हते. 'अशक्तपणा आहे' एवढ्यावर घर चालले होते. रविवारी गावी जाऊन सांगेन, असे म्हणून त्याने नक्कल घडी घालून खिशात ठेवली.