उंबरठ्यावरची परीक्षा

विदर्भांत उन्हाळा लांबत असल्यामुळें शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या सुमारास महालांतील शाळांच्या फाटकांशीं पालकांची जी गर्दी जमते, तिच्यांत एक प्रश्न हमखास ऐकूं येतो : ‘तुकडी कोणती मिळाली?’ मुलगा काय शिकणार, हें मागाहून. तो कोणांत बसणार, हें आधीं. नव्या विद्यार्थ्यास दारांतच तपासून त्याची जागा ठरवून टाकणें न्याय्य आहे काय, याचा विचार त्या गर्दींत कोणी करीत नाहीं. आम्हींहि पुष्कळ वर्षें केला नव्हता.

आम्ही पांचवीच्या वर्गांत गेलों तेव्हां प्रथम एक तासाची लेखी परीक्षा झाली. शेजारीं एका विणकराचा मुलगा बसला होता. एका उदाहरणांत कोथिंबिरीच्या जुड्यांचा हिशेब होता. त्यानें हळूच विचारलें, ‘कोथिंबीर म्हणजे काय?’ नागपुरी बोलींत तिला सांबार म्हणतात, आणि त्याच्या घरीं दुसरा शब्दच नव्हता. देखरेखीवरील गुरुजींनीं त्यास दटावलें. आम्हांस अर्थ ठाऊक होता. आम्ही गप्प राहिलों. बापाच्या मागाची आठवड्याची मजुरी तोंडीं सांगणारा तो मुलगा ‘ड’ तुकडींत गेला, आम्ही ‘अ’ मध्यें. आमच्या घरीं पेढे वाटले गेले.

अशा परीक्षेंत चूक दोन प्रकारें होते. कच्चा मुलगा वरच्या तुकडींत बसविला, तर सहामाहींत तो नापास होतो. चूक सर्वांस दिसते आणि पुढच्या वर्षीं परीक्षा अधिक कडक होते. परंतु पात्र मुलगा खालीं बसविला, तर कांहींच घडत नाहीं. त्यास सोपें शिकविलें जातें, तो सोपेंच शिकतो, आणि वर्षअखेर त्याची गुणपत्रिका परीक्षकाचें म्हणणें खरें करून दाखविते. ज्या चुकीचा पुरावा तिच्याबरोबरच नाहींसा होतो, ती करणाऱ्यास जपून वागण्याचें कारणच उरत नाहीं. पुढें आम्हीं कांहीं वर्षें मास्तरकी केली, अशा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले, आणि एकदांहि आमची झोप मोडली नाहीं.

ही न दिसणारी चूक मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेंत झाला. तेथील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत येणाऱ्यांची इंग्रजी व गणिताची परीक्षा घेऊन अनेकांस पूर्वतयारीच्या वर्गांत धाडीत. त्यांतले पुष्कळ पदवीच्या वर्गापर्यंत पोंचतच नसत. शाळेंतील अनेक वर्षांचे गुण त्या एका परीक्षेपेक्षां पुढच्या यशाचा अंदाज अधिक बरा देतात, असें अभ्यासकांस आढळलें. कॅलिफोर्निया राज्यानें २०१७ सालीं कायदाच केला : शाळेंतील कामगिरी विचारांत घ्या, आणि मुख्य अभ्यासक्रमांत यशाची शक्यता अगदींच थोडी असल्याशिवाय विद्यार्थ्यास पूर्वतयारीची सक्ती करूं नका. म्हणजे सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावरून संस्थेवर आला.

आपल्याकडील २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानें शाळाप्रवेशाच्या वेळीं मुलाची चाळणी करण्यास बंदी घातली, आणि शाळेबाहेर राहिलेल्या मुलास वयानुरूप वर्गांत घेऊन विशेष शिक्षण देण्यास सांगितलें. आठवीपलीकडे मात्र त्याचें छत्र नाहीं. करोनाच्या सांथीमुळें २०२१ सालीं दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हां सरकारनें अकरावीच्या प्रवेशासाठीं २१ ऑगस्टला सामायिक परीक्षा योजली; १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द केली. तिचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचा होता, म्हणजे इतर मंडळांच्या मुलांपुढें ती एक प्रकारची कोथिंबीरच होती.

तर मग तपासूंच नये काय? साठ मुलांच्या वर्गांत ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास तसाच बसवून ठेवणें हीहि निर्दयताच, आणि तिला समतेचें नांव देणें आम्हांस मान्य नाहीं. १९०५ सालीं पॅरिसमध्यें बिने यांनीं सिमाँ यांच्यासह बुद्धीच्या कसोट्या रचल्या, त्या मुळांत कोणास निराळ्या शिक्षणाची गरज आहे हें ओळखण्यासाठीं. मुलांवर कायमचे शिक्के मारण्याचा उद्योग पुढच्यांनीं केला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेचे कार्यकर्ते मुलाजवळ बसून त्याच्याकडून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असें वाचवून घेतात व त्यावरून गट पाडतात. तेथें गट दिवसांतील कांहीं वेळापुरता असतो, आणि मूल गोष्ट वाचूं लागतांच बदलतो. परीक्षा तीच दिसली तरी हेतु निराळा : पहिली मुलाची जागा ठरविते, दुसरी मास्तराचें उद्यांचें काम.

यासाठीं आम्ही पालकांस सुचवूं कीं, फाटकाशीं उभें राहून तुकडी विचारण्याऐवजीं मुख्याध्यापकांस विचारावें : गेल्या वर्षीं ‘ड’ मधून ‘अ’ मध्यें किती मुलें आलीं? दिवाळीनंतर पुन्हां पाहतां काय? आम्ही पांचवीपासून दहावीपर्यंत ‘अ’ तुकडींत होतों. तो विणकराचा मुलगा कोणत्या वर्षीं शाळा सोडून गेला, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. आणि त्या सहा वर्षांत ‘ड’ मधून आमच्या बाकावर येऊन बसलेला एकहि मुलगा आम्हांस आठवत नाहीं.