कार्बनला फ्लोरीन जोडताना

सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, सिटाग्लिप्टिन ही औषधे आज घरोघरी आहेत. तिन्हींच्या रेणूंत बेंझीनसारख्या वलयावर फ्लोरीन बसलेला आहे. शरीरातली विकरे औषधाचा रेणू जिथून फोडू पाहतात तिथे फ्लोरीन असला की औषध जास्त टिकते, कारण कार्बन-फ्लोरीन हा कार्बनच्या एकेरी बंधांतला सर्वांत बळकट बंध. वर्गात हे सांगून झाले की मी विद्यार्थ्यांना विचारतो, हा फ्लोरीन तिथे बसवला कसा? बहुतेकांनी तो प्रश्न स्वतःला कधी विचारलेलाच नसतो.

जुनी वाट १९२७ची, बाल्झ आणि शीमन यांची. डायझोनियम लवण कोरडे करून तापवायचे. नायट्रोजन निघून जातो, त्या जागी फ्लोरीन येतो. मी ही अभिक्रिया केली आहे, आणि सुकलेले ते लवण चमच्याने उचलताना हात आपोआप हलका होतो, कारण अशी लवणे भडकू शकतात. दुसरी वाट क्लोरीन काढून फ्लोरीन घालण्याची. तिला वलयावर नायट्रोसारखा गट लागतो आणि भरपूर उष्णताही. साध्या रेणूंना हे सोसते. पायरी-पायरीने बांधत आणलेला नाजूक रेणू मात्र एवढ्या आचेत करपून जातो.

बाकीच्या बंधांसाठी पॅलॅडियमने हा प्रश्न कधीच सोडवला होता. त्या कामाला २०१०चे नोबेल मिळाले. धातू एका हाताने वलय धरतो, दुसऱ्या हाताने दुसरा गट, दोघांना जोडतो आणि स्वतः मोकळा होतो. फ्लोरीनच्या बाबतीत घोडे अडले ते या शेवटच्या पायरीवर. पॅलॅडियम वलय धरतो, फ्लोरीनही धरतो, पण सोडत नाही. व्लादिमीर ग्रुशिन यांनी असे संयुग तापवून पाहिले, तेव्हा फ्लोरीन कार्बनकडे जाण्याऐवजी शेजारच्या लिगँडमधल्या, म्हणजे धातूला जोडलेल्या साहाय्यक रेणूतल्या, फॉस्फरसला जाऊन चिकटला. असे निकाल वाचून ही वाट बंदच आहे असे कुणाला वाटले असते, तर त्याला दोष देता आला नसता. २००६ मध्ये मिशिगनच्या मेलनी सॅनफर्ड यांनी आणि त्यानंतर हार्वर्डच्या टोबियास रिटर यांनी अधिक ऑक्सिडीकृत पॅलॅडियमचा आडमार्ग शोधला. एमआयटीच्या स्टीफन बुकवाल्ड यांच्या गटाने २००९ मध्ये सरळ वाटच उघडली. त्यांनी लिगँड एवढा अवजड घेतला की धातूभोवती दाटी झाली आणि फ्लोरीन व वलय एकमेकांना जोडून बाहेर पडू लागले. मला या कामाचे फार मोल वाटते. धातू तोच होता. त्याच्या शेजाऱ्याचा विचार कुणीतरी चिकाटीने केला.

कागदावर ही अभिक्रिया एका ओळीत मावते. प्रयोगशाळेत मात्र फ्लोरीन पुरवणाऱ्या सिझियम फ्लोराइडशी गाठ पडते. पावसाळ्यात त्याची बाटली उघडी राहिली, तर भुरभुरीत पांढरी पूड बघता बघता ओलसर होते. पाण्याचे रेणू फ्लोराइडला घेरून टाकतात आणि त्याच्यात कार्बनवर चाल करून जायचा जोर उरत नाही. म्हणून ती पूड निर्वातात तापवून सुकवायची, ग्लोव्ह बॉक्समध्ये तोलायची. एवढे करूनही कुठे कुठे फ्लोरीनऐवजी हायड्रोजनच बसतो. मग खरी पंचाईत होते. फ्लोरीन आकाराने हायड्रोजनहून थोडाच मोठा, त्यामुळे पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसीच्या प्लेटवर दोन्ही पदार्थांचे ठिपके एकावर एक पडतात आणि शुद्धीकरणाच्या कॉलममधूनही ते एकत्रच उतरतात. ज्या सारखेपणामुळे औषधात फ्लोरीन हायड्रोजनच्या जागी बेमालूम बसतो, तोच इथे आडवा येतो. अशा वेळी फ्लोरीनच्या एनएमआर वर्णपटात उणे ११५ पीपीएमच्या आसपास एकच स्वच्छ रेघ दिसली की जो आनंद होतो, तो मला अजूनही शब्दांत नीट सांगता येत नाही.

फ्लोरीन अगदी शेवटी, झटपट बसवता येण्याचे महत्त्व सर्वांत जास्त जाणवते ते पेट स्कॅनमध्ये. त्यासाठी वापरायच्या किरणोत्सारी फ्लोरीन-१८चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे. सायक्लोट्रॉनमधून तो बाहेर आला की रेणूत बसवणे, शुद्ध करणे आणि रुग्णापर्यंत पोचवणे, सगळे घड्याळाकडे बघत. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. तिथल्यासारख्या केंद्रांत सर्वाधिक वापर होतो तो फ्लोरीन-१८ जोडलेल्या ग्लुकोजचा, आणि ते धातूच्या मदतीशिवायच बनते. बेंझीन वलयावर हा फ्लोरीन चढवणे मात्र फार अवघड होते. २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या व्हेरोनिक गूव्हर्नर यांच्या गटाने बोरॉनयुक्त संयुगांपासून तांब्याच्या साहाय्याने ते साधले, आणि नव्या तपासणी-द्रव्यांची दारे उघडली.

कारखान्यांत टनावारी उत्पादन आजही बहुतांशी जुन्याच पद्धतींनी होते. पॅलॅडियम महाग आहे, लिगँडही स्वस्त नाहीत, आणि ओलाव्याचा प्रश्न सुटलेला नाही. रसायनशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे, की स्वस्त धातू घेऊन, थोडे पाणी असतानाही चालेल अशी अभिक्रिया शोधण्याचे काम हाती घ्या. त्यात वर्षे जातील, पण त्याची गरज खरी आहे.