खोटा पत्ता

खोटं कधी बोलू नये, हे शाळेत शिकवलं. पण सगळ्यांशी एकसारखं, शिस्तीत आणि कुणाचंही नुकसान न करता बोललेलं खोटं नावे टाकायचं की जमा, हे बी.कॉम.पर्यंत कुणी सांगितलं नाही. हा पेच मला घातला तो पुतण्यानं. तो पुण्यात काँप्युटरच्या कर्नलवर काम करतो. लष्करातला नव्हे, यंत्राच्या आतला मूळ कारभारी, तो कर्नल. एका नव्या चिपसाठी तो त्यात मेमरीचे पत्ते बदलून देण्याची सोय बसवतो आहे.

प्रकार असा. यंत्रात दहा प्रोग्रॅम चालू असतात आणि प्रत्येकाला वाटतं, अख्खी मेमरी आपल्याच तीर्थरूपांची. चिपमध्ये एक दुभाष्या बसलेला असतो. प्रोग्रॅमनं सांगितलेला पत्ता तो कर्नलच्या तक्त्यात बघतो आणि खऱ्या जागेवर जातो. मेमरीची पानं पाडलेली असतात, बहुधा ४०९६ बाइटांचं एक. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस यंत्रात ही युक्ती १९६२ सालीच होती. जागा कमी पडली की एखादं पान डिस्कवर धाडायचं. पत्ता तोच, फक्त तक्त्यात ‘गैरहजर’ची खूण. लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्समध्ये ही धाडण्याची सोय डिसेंबर १९९१ मध्ये घातली. गैरहजर पान कुणी मागितलं, की कर्नल हातातलं काम टाकून उठतो, पान आणतो, आणि प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही!

सगळ्यात अवघड, म्हणे, दुभाष्या कामावर रुजू होतो तो क्षण. त्या क्षणी कर्नलचा स्वतःचाच पत्ता बदलू शकतो. म्हणून जुना आणि नवा, दोन्ही पत्ते एकाच जागेचे, असं आधी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर पुढची ओळच सापडत नाही. नव्या घराचं कुलूप उघडल्याशिवाय जुन्याची किल्ली देऊ नये, हे आमच्या सौभाग्यवतींना कर्नल न लिहिता कळतं.

“म्हणजे तू दहा जणांना फसवतोस,” मी म्हटलं.

“त्यामुळंच एकाचा हात दुसऱ्याच्या पानावर पडत नाही, काका.”

यावर मी गप्प बसलो, कारण आमचं काउंटर तरी दुसरं काय करतं? एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पासबुक पुढं सरकवून विचारलं, “सायेब, माझे पैसे कोणत्या कपाटात ठिवलेत?” त्यानं भरलेल्या नोटांना हळद लागलेली होती, मी कोऱ्या दिल्या. “ह्या माझ्या न्हाईत की!” तत्त्वज्ञान म्हणून बघाल तर म्हातारा बरोबर होता. पासबुकातला आकडाही एक पत्ताच. तिथं नोटा नसतात. पण मागणी आल्यावर कुणीतरी खुर्चीतून उठून पैसे आणतं (जेवणाची सुट्टी सोडून), तोवर मी त्याला खोटं म्हणणार नाही, वचन म्हणेन. कर्नल आमच्याहून कडक. त्याला पान हळदीच्या डागासकट परत आणावं लागतं.

पण आमच्या बीड जिल्ह्यात हा हिशेब अडतो. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने रेशनकार्डावरचा पत्ता केज तालुक्यातला, आणि चूल परमुलखातल्या कोपीत. पानाला बाहेर धाडल्याचं कळत नाही. माणसाला कळतं, आणि त्याच्याबरोबर गेलेल्या पोराला जास्तच. गावच्या शाळेत हजेरीपटावर पोराचं नाव शाबूत, पुढं गैरहजेरीची खूण. ती खूण बघून कोण खुर्चीतून उठतं? काही ठिकाणी हंगामी वसतिगृह निघतं, पोर गावात राहतं, बाकीची फडात.

मुकादमाच्या वहीत मात्र उचलीचा आकडा एक दिवस गैरहजर नसतो.