कमी वाईट म्हणजे चांगलं?

हिंगणघाटच्या एकाच टपरीवर मी 22 वर्षं सिगारेट घेतोय. परवा दुबईहून आलेल्या भाच्याने ई-सिगारेट पुढे केली. “मामा, सुटत नसेल तर निदान ही ओढा.”

2019 च्या कायद्याने तिची आयात, विक्री, साठवण सगळं गुन्हा. ब्रिटनची आरोग्यसेवा मात्र सिगारेट सोडायला तिचाच सल्ला देते. आणि तिच्याहून घातक असलेली साधी सिगारेट इथे राजरोस मिळते. आमच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. ती कशी पाळली जाते, हे गावाला ठाऊक आहे. म्हणून आधी कायद्याचं हसू आलं, मग स्वतःचं. कायद्यातल्या विसंगतीने माझी सवय थोडीच समर्थनीय ठरते? कमी वाईट ही पायरी असेल तर ठीक. तिच्यावर मुक्काम ठोकला की तीही सवयच. त्या यंत्रावरून मी कधी उतरणार, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

यंत्र परत केलं. औषधाच्या दुकानातून 2 मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम आणलं. त्यातही निकोटिनच, पण ते कमी करत करत थांबवण्यासाठीच असतं.

आज नववा दिवस. टपरीवाला विचारत होता, “काऊन भाऊ, गावाले गेल्ते का?”