विरी गेलेलं पीठ

ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडेनं तडे जातात, उचलायला गेलं की दोन तुकडे हातात येतात. आई अशा पिठाला नावं ठेवत नसे. परातीत पिठाचं आळं करायची, त्यात उकळतं पाणी ओतायची, उलथन्यानं हलवून थोडा वेळ झाकून ठेवायची. मग तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायची. तीच भाकरी तव्यावर टम्म फुगायची.

त्या भाकरीत पिठाचा वाटा किती आणि पाण्याचा किती, असं कुणी विचारलं असतं तर आईला तो प्रश्नच कळला नसता. माणसाबद्दल मात्र आपण तो रोज विचारतो.

'खाण तशी माती' म्हणणारी आपली भाषाच 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असंही म्हणते. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. एकच म्हण हातात घेऊन मुलापुढं उभं राहिलं की अन्याय सुरू होतो.

वारसा किती आणि परिस्थिती किती, हे मोजणाऱ्या, जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांतल्या 2,748 शोधनिबंधांचा एकत्र आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो गुणवैशिष्ट्यांची सरासरी काढली तर वारशाचा वाटा आला 49 टक्के. हे वाचून वाटतं, निम्मा मी आई-बापाचा, निम्मा परिस्थितीचा. पण हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. एकट्या माणसाची अशी वाटणी होत नाही.

शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. एकाच काळ्या रानात ज्वारीचं मिसळ बियाणं पेरलं, तरी एक ताट उंच, एक बुटकं. माती एक, पाणी एक, म्हणून तो फरक बहुतेक बियाण्याचा. त्याच पिशवीतलं बियाणं मुरमाड माळावर पेरलं तर सगळं रानच खुजं राहतं. तिथंही आपसातला फरक बियाण्याचाच. दोन रानांमधला फरक मात्र मातीचा. माणसाच्या उंचीचं तसंच आहे. पोटभर खाणाऱ्या समाजात उंचीतला सुमारे 80 टक्के फरक वारशानं येतो. तरीही दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे 20 सेंटीमीटरनं वाढली. शंभर वर्षांत बियाणं बदलत नसतं.

यातून एक गोष्ट निघते, ती मला फार मोलाची वाटते. सगळ्या मुलांना सारखं दूध, सारखी शाळा, सारखं औषध मिळालं, तर उरलेल्या फरकात वारशाचा वाटा मोठा दिसेल. वारशाचा आकडा वाढणं हे कधी कधी न्यायाचं लक्षण असतं.

जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे. बाळ जगात येतं तेव्हा त्याच्या परिस्थितीला नऊ महिने होऊन गेलेले असतात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांची नोंद ठेवली. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांहून कितीतरी हलकी. अंगात स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानानं राखलेली. ज्या आयांच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं मोठी भरली. शेतात जास्त राबणाऱ्या आयांची लहान. 'आमच्या घराण्यात सगळेच किरकोळ' असं आपण ज्याला म्हणतो, त्यात कित्येक बायकांची उपासमार असते.

आणि स्वभाव? हार्वर्डचे जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी दाखवत, नवे आवाज ऐकवत, नवे वास देत. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडायचं. अशी बाळं पुढं बुजरी होण्याचा संभव जास्त. पण सगळी झाली नाहीत. ज्यांच्या आयांनी प्रत्येक भीतीपासून लपवलं नाही, थोडं थोडं जगात सोडलं, त्यांचं बुजरेपण ओसरलं. बाळही घराला वळण लावतंच. हसऱ्या बाळाला येणारा-जाणारा उचलून घेतो, किरकिऱ्याला पाळण्यात ठेवतात. म्हणजे जे घेऊन ते आलं, त्यानंच त्याला मिळणारं जग ठरत जातं.

'रक्तातच आहे' हे वाक्य फार स्वस्त आहे. त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं आपल्याकडचे पारधीही त्यात आले. पोलिसांकडे हजेरी लावायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. 1952 मध्ये तो कायदा देशभरातून गेला. गावागावांतली नजर अजून गेलेली नाही. उलट टोकही तितकंच क्रूर. गेल्या शतकाच्या मध्याला स्वमग्नतेचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं जाई. आधीच रात्र-रात्र जागणाऱ्या बाईला सांगायचं, हे तुझ्यामुळं झालं.

1934 मध्ये नॉर्वेत एक आई आपली दोन मतिमंद मुलं घेऊन आसब्यर्न फोलिंग या डॉक्टरांकडे आली. मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो, एवढं तिनं धरून ठेवलं होतं. बाकीच्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. फोलिंगनी लघवी तपासली आणि एक नवा आजार सापडला: फिनाइलकिटोन्युरिया. आई-बाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं, तर अन्नातलं फिनाइलॲलनिन शरीराला पचवता येत नाही. दुधातून, डाळीतून, अंड्यातून ते साठत जातं आणि मेंदू मारतं. तिच्या मुलांसाठी उशीर झाला होता. पुढं बर्मिंगहॅमला हाच आजार असलेल्या एका मुलीची आई रोज सकाळी होर्स्ट बिकल या डॉक्टरांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहायची. काहीतरी करा, म्हणायची. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बिकलनी फिनाइलॲलनिन अगदी कमी असलेला आहार तयार केला. ती मुलगी रांगायला, उभी राहायला लागली.

जनुक तेच राहिलं. ताट बदललं.

पुढं रॉबर्ट गथ्री यांनी सोपी तपासणी शोधली. बाळाच्या टाचेला सुई टोचायची, गाळणकागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे. दोष लवकर कळला आणि पथ्य पाळलं, तर हे मूल चारचौघांसारखं शिकतं, नोकरी करतं. शंभर टक्के आनुवंशिक आजार, आणि त्याचा निकाल लागतो स्वयंपाकघरात. वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

भारतात ही तपासणी प्रत्येक बाळाची होतेच असं नाही. पुष्कळ ठिकाणी ती मागून घ्यावी लागते. तुमच्या घरात बाळ येणार असेल, तर प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत टाचेतलं थेंबभर रक्त लागतं.