धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती बसवलेल्या लोखंडी पट्टीला आपल्याकडे धाव म्हणतात. लोहार ती भट्टीत लाल करायचा, फुगलेली असतानाच चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि आवळलेलं लोखंड लाकडाला जन्मभरासाठी धरून बसायचं.

रणगाड्याच्या चाकात हा हिशेब उलटा असतो. तिथे चाक लोखंडाचं आणि धाव रबराची. दुसऱ्या महायुद्धातला शर्मन रणगाडा तीसेक टनांचा. हे सगळं ओझं पेलायला 20 इंच व्यासाची फक्त 12 चाकं, आणि चाक व पट्टा यांच्यामध्ये रबराचं जेमतेम एक कडं. ते नसेल तर लोखंडावर लोखंड आपटतं आणि आतल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात लोक तोफेशी उभे राहून फोटो काढतात. चाकांपाशी वाकणारा विरळाच. पण जुना रणगाडा पुन्हा चालवू पाहणाऱ्यांचं घोडं अडतं ते चाकांपाशीच. चिलखत ऐंशी वर्षांनंतरही धड असतं. रबर मात्र ऊन, ओझोन आणि प्राणवायू यांनी कडक होऊन तडकतं. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहिलं तर ओझ्याखाली चपटंही होतं. लढाईचं दुखणं पोलादाला, बसून राहण्याचं रबराला.

मग नवं रबर चढवायचं. जुनं खरवडून काढतात, चाकाचं लोखंडी कडं वाळूच्या माऱ्याने पांढरंशुभ्र करतात. आता त्याला उघडं बोटही लागता कामा नये. हाताचा तेलकटपणा राहिला तर तेवढ्या जागी रबर धरत नाही. त्यावर चिकटद्रव्य, मग कच्च्या रबराच्या पट्ट्यांचे वेढे, आणि शेवटी वाफेच्या दाबपात्रात दीडशे अंशांच्या आसपास कित्येक तास. गंधक रबराच्या रेणूंना एकमेकांशी बांधतो आणि चिकट लगदा लवचीक होतो. ही किमया चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडली. 1860 मध्ये तो वारला तो कर्जातच.

पोलादाचं युद्ध रबराच्या झाडाच्या चिकावर किती अवलंबून होतं! 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, पाठोपाठ जावा-सुमात्रा गेले, आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा नव्वद टक्के पुरवठा तुटला. त्याच काळात रशियाने काही टी-34 रणगाड्यांना पोलादी कडांची चाकं लावली आणि रबराची छोटीशी गादी आत, तुंब्यापाशी दडवली. 1944 मध्ये जर्मन टायगरवरही हीच पाळी आली. ते रणगाडे खडखडत चालले, पण चालले.

रबर बदलल्यावर तो रणगाडा तोच राहतो का? नागसेन या बौद्ध भिक्खूने मिलिंद राजाला रथाविषयी असंच विचारलं होतं : दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. रथ हे सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव. पण संग्रहालयाला एवढ्यावर भागवता येत नाही. खरवडून काढलेल्या रबरावर त्या काळच्या कारखान्याचा ठसा असतो, आणि तोही इतिहासच. म्हणूनच इंग्लंडमधल्या बोविंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात, 1943 मध्ये ट्युनिशियात पकडलेला टायगर वर्षातून मोजक्याच वेळा चालवतात. प्रत्येक फेरीत थोडा पुरावा झिजतो. न चालवावा तर चालणं ही त्याची मूळ ओळखच पुसली जाते.

मला लोहाराची बाजू पटते. धाव झिजायची हे त्याला ठाऊक होतं. तिने झिजावं आणि चाक राखावं, एवढ्यासाठीच तो ती चढवायचा. झिजलेली धाव उतरवून नवी घालताना गाडी बदलली असं कुणी म्हटलं नाही. ज्या वस्तूचं नावच धाव, तिला जपायचं म्हणून उभं करून ठेवणं मराठीत तरी शोभत नाही.